पाण्याचा नियम कुणी आणि कधी बदलायचा?

नाशिक जिल्हा पाण्याच्या हिशेबात एकाच वेळी वरचाही आहे आणि खालचाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, दारणा आणि कडवा तिला याच जिल्ह्यात मिळतात, आणि गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, करंजवण, वाघाड ही धरणं इथेच उभी आहेत. पैठणच्या जायकवाडीवरून पाहिलं तर नाशिककर वरचा, पाणी अडवून बसलेला. वाघाडच्या कालव्याच्या टोकाला, ओझरला उभं राहून पाहिलं तर तोच नाशिककर टेलचा, पाळीची वाट पाहणारा.

महाराष्ट्राने २००५ मध्ये पाण्यासाठी दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केलं. पाण्यासाठी असं स्वतंत्र प्राधिकरण देशात त्याआधी नव्हतं. दुसऱ्या कायद्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवण्याची वाट उघडली. पहिला खोऱ्याकडे वरून पाहतो, दुसरा चारीपासून वर चढत जातो. पाऊस भरवशाचा राहिलेला नसताना देशाने आपल्या जलसंस्था कोणत्या पायावर उभ्या कराव्यात, हा प्रश्न या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत सापडतो. पुढचा संवाद त्याच जागेत घडतो. एक आहेत जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता, दुसऱ्या ओझरच्या बाजूच्या एका पाणीवापर संस्थेच्या संचालक. दोघंही कल्पित आहेत. ते ज्या घटना आणि आकडे सांगतात, ते मात्र खरे आहेत.

संचालक: साहेब, माझं म्हणणं सरळ आहे. पाण्याची संस्था चारीवर जन्माला येते. मंत्रालयात नुसता तिचा कायदा होतो. वाघाडचंच बघा. धरण झालं, कालवा झाला, आमची गावं लाभक्षेत्रात लागली, पण पाणी ओझरपर्यंत पोचायचंच नाही. वरची गावं घ्यायची, उरलं तर खाली यायचं, आणि उरायचं नाही. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठका घेतल्या. १९९१ च्या सुमारास टेलच्याच भागात तीन संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. खात्याशी करार झाला की पाणी घनमापनाने मोजून द्या, आम्ही मोजून घेऊ आणि पट्टी भरू. २००५ चा कायदा त्यानंतर चौदा वर्षांनी आला. कायद्याला आमच्याकडून शिकावं लागलं.

अभियंता: ताई, ओझरचं श्रेय मी नाकारत नाही. खात्यातल्या लोकांनाही त्या कामाचा अभिमान आहे. आधी पिकावर आणि क्षेत्रावर पट्टी लागायची, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, पाणी किती घेतलं ते कुणी विचारायचं नाही. घनमापन आल्यावर कोट्यात कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवू लागला. ओझरच्या संस्थांनी कालव्याचं पाणी नाल्यातल्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या, आणि ज्यांच्या विहिरींना पाणी आलं त्यांच्याकडूनही पट्टी घेतली. हे आमच्या एकाही नियमावलीत नव्हतं. पण वाघाडची गोष्ट वाघाडच्या हद्दीत संपते. तिथे एक धरण आहे, २००३ मध्ये झालेला प्रकल्पस्तरीय संघ आहे, त्यात २४ संस्था आहेत. माणसं एकमेकांना ओळखतात, वरच्या गावाला खालच्या गावात सोयरीक असते. जायकवाडीचं काय? तिथे वर नाशिक आणि अहिल्यानगर, खाली मराठवाडा. आमचं पाणी पैठणला सोडा, असा ठराव तुमच्या एखाद्या संस्थेने कधी केला आहे का?

संचालक: नाही. खोटं कशाला बोलू?

अभियंता: कुणीच करणार नाही. आपल्याच सभासदांच्या विरोधात मतदान करणारी संस्था जगात नसते. म्हणून संस्थेच्या वर एक नियम लागतो. प्राधिकरणाच्या कायद्यातलं कलम १२(६)(ग) तेच सांगतं: तुटीच्या वर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी व्हावी. तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. १९८० च्या गोदावरी लवादाने पैठणपर्यंतचं पाणी वापरायला महाराष्ट्राला मोकळीक दिली, म्हणजे हे भांडण आपल्या घरातलं आहे आणि ते आपल्यालाच मिटवायचं आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये या वाटपाचं सूत्र दिलं. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती पाणी सोडायचं याचे तक्ते तयार आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो आदेश उचलून धरला. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, २०१८ मध्ये ८.९९ चा, २०२३ मध्ये ८.६ चा. हे पाणी गावबैठकीतून कधीच निघालं नसतं.

संचालक: आदेश निघाला, हे खरं. पाणी कसं सुटलं तेही सांगा. २०२३ चा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडला. मधले दिवस मोर्चात, निवेदनात आणि कोर्टात गेले. मग कोरड्या नदीतून पाणी सोडायचं म्हणून बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठची वीज बंद करायची. काठावरच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकाला वीज नाही, आणि नदीचं पात्र वाटेत किती पाणी पिऊन टाकतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दर तुटीच्या वर्षी तेच. ज्या नियमाला दरवेळी बंदोबस्त लागतो, तो नियम लोकांचा झालेला नाही.

अभियंता: लोकांचा झालेला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही. जायकवाडीवर छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या पिण्याचं पाणी अवलंबून आहे.

संचालक: पिण्याच्या पाण्याला आम्ही कधी आडवे आलो नाही. माझी हरकत ६५ या आकड्याला आहे, त्याहून जास्त तो गोठून बसण्याला आहे. २०१३ च्या हिशेबावर २०२३ चं पाणी वाटलं. या दहा वर्षांत नाशिक शहर किती वाढलं? गंगापूर, दारणा, मुकण्यातलं शहराचं आरक्षण वाढलं. द्राक्षबागा ठिबकवर गेल्या. पाऊस जूनमध्ये येईना, सप्टेंबरअखेर धरणं भरू लागली. सूत्राचा पुन्हा विचार करायला २०२३ मध्ये अभ्यासगट नेमावा लागला. नाशिकच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालच्या त्या गटाने ६५ ऐवजी ५८ टक्के सुचवले, आणि लगेच मराठवाड्यात रान उठलं. उठणारच. दहा वर्षं दार बंद ठेवून एकदम उघडलं की आत कोण शिरतंय याचीच भीती वाटते.

अभियंता: त्या सात टक्क्यांचा अर्थ सांगतो. जायकवाडीचा जिवंत साठा साडेशहात्तर टीएमसीच्या वर आहे. त्याचे ६५ टक्के म्हणजे जवळजवळ ५० टीएमसी, ५८ टक्के म्हणजे साडेचव्वेचाळीसच्या आसपास. फरक सुमारे ५.४ टीएमसीचा. आपल्या गंगापूर धरणाचा साठा ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५.६ टीएमसी. कागदावर एक आकडा बदलला आणि जवळजवळ एक गंगापूर धरण खालच्या पदरातून वरच्या पदरात आलं. आता सांगा, नियम लवचीक हवा असं म्हणताना तुम्हाला भीती वाटत नाही? मला वाटते. मी आयुष्यभर पाहिलं आहे की पाण्याचा नियम वाकला की बळकटाकडेच वाकतो. प्राधिकरणाचंच उदाहरण घ्या. शेतीला, उद्योगाला आणि घरगुती वापराला किती पाणी, हे ठरवण्याचा अधिकार मूळ कायद्याने प्राधिकरणाकडे दिला होता. शेतीचं पाणी उद्योगांकडे वळवल्याच्या प्रकरणांवर प्रश्न उभे राहिले, आणि २०११ च्या दुरुस्तीने तो अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. तीही लवचिकताच होती. म्हणून मी म्हणतो, सूत्र कडक असू द्या. गरिबाला कडक नियमाचाच आधार असतो.

संचालक: तुम्ही सांगितलेली लवचिकता बंद दाराआडची आहे. मी मागते ती उघड्या बैठकीतली. आपल्याच जिल्ह्यात तिची जुनी रीत आहे. बागलाणात मोसम आणि आरम नदीवर, आणि खाली धुळ्याकडे पांझरेवर, शतकानुशतकं फड चालले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि दरवर्षी पिकाची फिरत. पाटाला किती पाणी आहे ते बघून पंच ठरवायचे की यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा ठेवायचा. यंदाचा निर्णय पुढच्या वर्षाला बांधील नाही. बदलत्या पावसाबरोबर बदलणारी संस्था याहून वेगळी काय असते?

अभियंता: फड तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण फड माझ्याच बाजूने साक्ष देतो. पंचांनी एकदा फडाचं पीक ठरवलं की त्या फडात कुणालाही दुसरं पीक घेता येत नसे. पाटाचं पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांची मजुरी पिकातून. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही, मग तो पाटील असो वा पंचांचा भाऊ. एवढा कडक नियम आमच्या खात्याने कधी पाळला नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनाच्या तारखा ठरतात, आणि मग दबाव आला की तारखा हलतात. फड टिकला तो कडकपणामुळे.

संचालक: आणि दरवर्षीच्या बैठकीमुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, साहेब. हंगामाआधी सगळं मोकळं, हंगाम सुरू झाला की सगळं बंद.

अभियंता: हे मला मान्य आहे. आपल्याकडे नेमकं उलटं झालं आहे. हंगाम चालू असताना आदेश थांबवता येतो, तारीख पुढे ढकलता येते, पाणी कमी-जास्त करता येतं. आणि हंगाम संपल्यावर, जेव्हा शांतपणे सूत्र तपासायला हवं, तेव्हा सगळे घरी जातात. पुन्हा दुष्काळ पडेपर्यंत कुणी फाइल उघडत नाही.

संचालक: मग आपण वेगळं बोलतो आहोत कुठे?

अभियंता: अधिकाराच्या मुद्द्यावर. फडातल्या पंचांचा शब्द का चालायचा, याचा विचार करा. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी होती. एक फड कोरडा ठेवला की तोटा सगळ्यांच्या वाट्याला यायचा. डोक्याकडचा माणूस टेलला पाणी का सोडायचा? टेलला त्याचंही शेत होतं. कलम १२(६)(ग) मध्ये हेच तत्त्व आहे, तूट वाटून घ्या. पण निफाडच्या द्राक्षवाल्याचं शेत पैठणला नाही, आणि पैठणच्या मोसंबीवाल्याचं दिंडोरीला नाही. तत्त्व फडाचं घेतलं, त्याखालची जमीन घेता आली नाही. ती उणीव कायद्याच्या धाकाने भरावी लागते. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

संचालक: मला दिसतो. धाकाने पाणी एक वर्ष सुटतं. हितसंबंध जोडले तर दरवर्षी सुटेल. आमच्या सिंचनाच्या कायद्यात संचालक मंडळ कसं आहे? कालव्याच्या डोक्याकडचे, मधले आणि टेलचे, तिन्ही भागांचे प्रतिनिधी हवेत, आणि बायकाही हव्यात. म्हणून मी बैठकीत बसते. कायद्याने चारीच्या पातळीला जे केलं, तेच खोऱ्याच्या पातळीला करा. नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या पाणीवापर संस्थांचे निवडून आलेले प्रतिनिधी एका उपखोरे परिषदेत बसवा. आज पाणी सोडण्याचा आदेश गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ काढतं. वरच्या शेतकऱ्याला वाटतं महामंडळ खालच्यांचं, खालच्याला वाटतं अधिकारी वरच्या पुढाऱ्यांचे. समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांबद्दल असं फार काळ समजून राहू शकत नाहीत.

अभियंता: समोरासमोर बसून भांडतीलसुद्धा.

संचालक: भांडू द्या. ऑक्टोबरात भांडण्यापेक्षा मे महिन्यात भांडलेलं बरं. आणि दुसरी गोष्ट, पाणी सोडणाऱ्याला त्याचा मोबदला ठरवून द्या. ज्या वर्षी वरून पाणी जाईल, त्या वर्षी वरच्या लाभक्षेत्रातल्या चाऱ्यांची दुरुस्ती, ठिबक, शेततळी यांना खालच्या शहरांच्या आणि उद्योगांच्या पाणीपट्टीतून पैसा यावा. मग पैठणला गेलेल्या पाण्यात दिंडोरीचाही वाटा राहील. शेत नाही, पण हिशेब तरी एकमेकांत गुंतेल.

अभियंता: पैशाची गोष्ट मी आजवर टाळत आलो, कारण पाण्याची विक्री सुरू होईल अशी भीती वाटते. पण कायद्याने ठरवलेली, वर्षाला बांधलेली भरपाई हा विक्रीपेक्षा वेगळा प्रकार आहे, हे मी मानतो. तरी माझी एक अट आहे. मोजमाप आधी. आज धरणाची पातळी वरचे सांगतात आणि खालचे विश्वास ठेवत नाहीत. नदीतली तूट खालचे सांगतात आणि वरचे विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक धरणावर, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर, पैठणवर मोजणी होताना दोन्ही बाजूंचा माणूस हजर पाहिजे आणि आकडा त्याच दिवशी सगळ्यांना दिसला पाहिजे. ओझरची संस्था टिकली ती मोजपट्टीमुळे. किती पाणी आलं हे चारीच्या तोंडाशी खात्याचा आणि संस्थेचा माणूस एकत्र वाचतात, म्हणून भांडण आकड्यावर होत नाही.

संचालक: ही अट आम्ही आनंदाने मान्य करू. उलट ती आमचीच मागणी आहे. पण मग विहिरींचं काय? तुमच्या तक्त्यात धरणं आहेत, भूजल नाही. आपल्या बेसॉल्टच्या खडकात पाणी थोडं साठतं आणि पटकन संपतं. कालवा पाझरतो तेव्हा विहिरी भरतात, आवर्तन कमी झालं की आटतात. भूजलाचा कायदा २००९ चा, वेगळा. कालव्याचा कायदा वेगळा. शेतकऱ्याच्या शेतात मात्र पाणी एकच. ओझरला आम्ही दोन्ही एका वहीत लिहिलं. राज्याला अजून जमलेलं नाही.

अभियंता: देशालाही जमलेलं नाही. केंद्रीय जल आयोग नदीचं पाणी पाहतो, केंद्रीय भूजल मंडळ जमिनीखालचं. मिहीर शहा समितीने २०१६ मध्ये दोन्ही एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग उभारावा असं सुचवलं, त्यात समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र जाणणारी माणसंही हवीत असं सांगितलं. अहवाल झाला, संस्था झाली नाही. त्याच्याही आधी १९५६ चा नदी मंडळ कायदा आहे. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं स्थापन करण्याची सोय त्यात होती. त्या कायद्याखाली एकही मंडळ उभं राहिलं नाही. त्याच वर्षी केलेल्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली मात्र लवादांवर लवाद झाले. आपण भांडण सोडवण्याची संस्था बांधली, एकत्र नियोजन करण्याची बांधली नाही.

संचालक: कायद्यात लिहिलं म्हणून संस्था उभी राहत नाही, हेच मी म्हणते आहे. आपल्याच राज्यात प्राधिकरणाच्या कायद्याने एकात्मिक राज्य जल आराखडा मागितला होता. तो मंजूर करायची राज्य जल परिषद पहिल्यांदा भरली जानेवारी २०१५ मध्ये. तोपर्यंत धरणं मंजूर होतच राहिली. पाणीपट्टीचा दर तीन वर्षांनी फेरविचार करायचा असं कायदा सांगतो. २०११ नंतरचा पुढचा मोठा दर आदेश आला तो २०१८ मध्ये.

अभियंता: म्हणून तारीख नुसती लिहून भागत नाही. तारीख चुकली तर काय होईल, तेही लिहावं लागतं. कृष्णा लवादाने आपल्या निवाड्यातच लिहून ठेवलं होतं की ३१ मे २००० नंतर हे वाटप पुन्हा तपासता येईल. ते वाक्य होतं म्हणून दुसरा लवाद २००४ मध्ये नेमावा लागला. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्याची योजना २०१२ मध्ये झाली, तिच्या फेरविचारासाठी २०२६ हे वर्ष कायद्यानेच ठरलेलं होतं. मेंढेगिरी सूत्राला असा दात असता, तर २०१८ च्या आसपास ते शांतपणे तपासलं गेलं असतं.

संचालक: आणि तपासायला कोण बसलं असतं? अभियंतेच ना? स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात भरतं. न्यायाधीश पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले, सगळं कामकाज तोंडी. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी जगभरच्या अशा संस्थांचा अभ्यास केला आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नियम ज्यांना लागू होतो त्यांना तो बदलण्यात वाटा असेल तर संस्था टिकते, असं त्यांनी दाखवून दिलं.

अभियंता: त्याच स्पेनमध्ये प्रत्येक मोठ्या नदीला खोरे महासंघ आहे. एब्रो नदीचा १९२६ मध्ये झाला. गुरुवारचं न्यायालय पाटावरचा तंटा सोडवतं. पूर आणि दुष्काळात अख्ख्या नदीचं पाणी कसं वाटायचं, ते त्याच्या आवाक्यात नाही. ऑस्ट्रॉम बाईंनीही लिहिलं आहे की मोठ्या व्यवस्थेत लहान संस्था एकात एक बसवाव्या लागतात. तुमची संस्था हवी आणि माझं प्राधिकरण हवं.

संचालक: हवं. पण माझ्या संस्थेला वरच्या बैठकीत मत हवं. नुसत्या हरकती मागवून भागणार नाही. हरकत म्हणजे मी बाहेर उभी राहून चिठ्ठी आत पाठवायची.

अभियंता: आणि मला शेवटचा शब्द स्वतंत्र प्राधिकरणाचा हवा. मताने सूत्र ठरवायला लागलो तर ज्याच्याकडे जास्त संस्था, जास्त आमदार, त्याचं सूत्र. परिषदेने सुचवावं, हरकती ऐकाव्यात, कारणं लिहून प्राधिकरणाकडे पाठवावीत. प्राधिकरणाने वेगळा निर्णय घेतला तर त्यानेही कारणं लिहावीत. आणि क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडून पुन्हा प्राधिकरणाकडे यावा.

संचालक: शेवटच्या शब्दावर आपलं जमणार नाही. पण प्राधिकरणावर आज अधिकारी आणि तज्ज्ञ बसतात. एक जागा पाणीवापर संस्थांच्या प्रतिनिधीला द्या, मग शेवटचा शब्द त्यांचा असला तरी तो ऐकायला आमचं माणूस आत असेल.

अभियंता: यावर मी विचार करीन.

हा संवाद इथे थांबवतो, कारण दोघांच्या मतभेदातून कामाची एक चौकट हाती आली आहे. बदलत्या काळाशी जुळवून घेणारी संस्था म्हणजे कुणीही, केव्हाही वाकवावी अशी संस्था असू नये. तिचा नियम हंगाम चालू असताना कुणासाठीही हलू नये, आणि हंगाम संपल्यावर तो सगळ्यांसमोर उघडला गेलाच पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी लागतात. मोजमाप दोन्ही बाजूंच्या साक्षीने व्हावं. ज्यांना तूट सोसायची आहे ते निर्णयाच्या बैठकीत असावेत. तूट सोसणाऱ्याला ठरलेली भरपाई मिळावी. आणि फेरविचाराची तारीख नियमातच लिहिलेली असावी, ती चुकली तर काय होईल यासकट. फडात या गोष्टी एका गावाच्या मापात होत्या. ओझरला त्या एका प्रकल्पाच्या मापात आल्या. खोऱ्याच्या मापात त्या आणणं अवघड आहे, पण कायद्याचा सांगाडा २००५ पासून आपल्या हाताशी आहे. १९५६ पासून नदी मंडळांचा कायदा तसाच पडू दिलेल्या देशात ही थोडकी गोष्ट नाही.

अभियंत्यांच्या एका भीतीला मी पूर्ण दुजोरा देतो: बंद दाराआड बदललेला नियम बळकटाचाच होतो. पण त्यावरचा उपाय दार कायमचं बंद ठेवणं हा असू शकत नाही. गोठलेला नियम दुष्काळात तुटतो, आणि तुटताना तोही बळकटाच्याच बाजूने तुटतो. म्हणून शेवटच्या शब्दाच्या वादात माझं मत संचालक ताईंच्या बाजूला झुकतं. प्राधिकरण स्वतंत्र असावं, पण पाणीवापर संस्थांना त्यात जागा हवी.

जायकवाडीचा आकडा ६५ असावा की ५८, यावर नाशिक आणि मराठवाडा आपापली बाजू लढवतील. त्यांनी लढवावीही, तो त्यांचा हक्क आहे. पण नवा आकडा कोणताही ठरो, त्याच आदेशात पुढच्या फेरविचाराचं वर्ष आणि त्या बैठकीत कोणत्या कालव्याचे, कोणत्या टोकाचे प्रतिनिधी बसतील हे लिहिलेलं नसेल, तर आपण पुन्हा एका दशकासाठी एक आकडा गोठवू आणि त्याच्यावरून पुढच्या दुष्काळात पुन्हा रस्त्यावर उतरू. एका गंगापूर धरणाएवढ्या पाण्याचा निर्णय होतो आहे. त्या पाण्याबरोबर ते वाटणारी संस्थाही घडवायची संधी आहे, आणि ओझरच्या शेतकऱ्यांनी ती घडवता येते हे दाखवून दिलं आहे.